शिडी धरणारा मामा

रंगाऱ्यांच्या टोळीत त्याला सगळे शिडीमामा म्हणत. मिस्त्री वर चढून रंग मारायचे आणि हा खाली शिडी धरायचा. धरायचा म्हणजे कशी! एक पाय खालच्या पायरीवर रोवलेला, दोन्ही हात ताठ, मान वर. भूकंप झाला असता तर घर पडलं असतं, शिडी नाही! नाकावर रंगाचे ठिपके कायमचे वस्तीला आलेले. आणि तोंडाचा पट्टा चालूच, "मिस्त्री, डाव्या कोपऱ्यात टक्कल राहिलंय!"

एके सकाळी मुकादम घडीची नवी शिडी घेऊन आले.

"ही आपली आपण उभी राहते. आता धरायला माणूस नको. मामा, वर चढून ब्रश मारणार असाल तर राहा, नाहीतर उद्यापासून दुसरीकडे बघा. या खोलीचं छत संध्याकाळपर्यंत करून दाखवा."

ब्रश मामाला येत होता, खालच्या भिंती तोच मारायचा. पण चौथ्या पायरीवर गेला आणि त्यानं शिडीला मिठीच मारली. मिस्त्रींनी शिडी धरली, तर हा सरळ खाली.

"असं धरतात होय? एका हातात चहा?"

पुन्हा चढला, पुन्हा उतरला. "मिस्त्री, तुम्ही खिडकीबाहेर बघताय!"

"अरे, शिडी धरलीय की तान्हं बाळ?" मिस्त्री वैतागले. पण ज्याची सगळी हयात शिडी धरण्यात गेली, त्याला दुसऱ्याचं धरणं पटायचं कसं?

दुपारी बायको डबा घेऊन आली. नवऱ्याची चढउतार बघून तिनं बाह्या सरसावल्या.

"सरका मिस्त्री." एक पाय पायरीवर, हात ताठ, मान वर. "मी माळ्यावर चढते तेव्हा तुम्ही धरता ना, तशीच धरलीय. चढा आता मुकाट्यानं!"

मामानं एकदाच खाली पाहिलं आणि सरसर वर गेला.

संध्याकाळी मुकादम आले. छत बघून मान डोलावणार, तोच खालून आवाज आला, "अहो, दिव्याच्या मागे टक्कल!"

मुकादमांनी डोळे बारीक करून पाहिलं. होतंच की!

"तुमची शिडी उभी राहते मुकादम," मामा वरून म्हणाला, "पण बोलत नाही."

मुकादमांना हसू आवरेना. "उद्यापासून दोघंही या."

"येते," ती म्हणाली. मान वरच होती आणि नाकाच्या शेंड्यावर पहिला ठिपका. "पण मला टोपी लागेल. ह्यांचा ब्रश फार गळतो."