जुन्या लॉटचे तीन कोन

रंगून आलेला निळा ताका टेबलावर पसरला आणि साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कापडभर बारीक, फिकट, आडव्या रेघा.

"रंगाऱ्याचा प्रताप! उद्यापासून त्याला येऊ नकोस म्हणावं."

रंगारी म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दादा विणाईच्या मशीनवर, वीस वर्षं. देवाने दिलेलं वाया घालवायचं नाही, हा त्यांचा नेम. सूत गुंडाळलेल्या कोनावर थोडं सूत उरलं तरी तो कोन जपून ठेवायचे.

"दादांना स्वर्गातही उरलंसुरलंच मिळणार," शेजारच्या मशीनवरचा हसायचा.

"दादा, रंग तोच, पाणी तेच," रंगारी रडवेला झाला होता. "बाकीचे ताके बघा, एकाला तरी रेघ आहे?"

"थांबा जावईबापू, बघू तरी."

दादांनी भिंग लावून ओळी मोजल्या. तीन फिकट, एकोणसत्तर गडद. पुन्हा तीन फिकट, पुन्हा एकोणसत्तर. रंग नीट बसला नसता, तर डाग कसेही उमटले असते, असे मोजूनमापून नाही. एका कोनाची एक ओळ, आणि बहात्तर कोन तर त्यांच्याच मशीनवर होते.

मग आठवलं. गेल्या आठवड्यात तीन कोन कमी पडले, तेव्हा त्यांनी मागच्या लॉटचे उरलेले तीन लावले होते. मशीनवर सगळं सूत पांढरंच दिसत होतं. कापूस वेगळा, म्हणून रंग वेगळा धरला.

शेजारचाही वाकून बघत होता. त्याला लगेच कळलं. "सुताचा ताण बिघडला म्हणा ना," तो कुजबुजला. "मशीनला कोण फाशी देतंय?"

ओठांवर आलंच होतं ते. देवा, आता तूच खरं वदव, असं मनात म्हणत दादा साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, लॉट मी मिसळले. रंगाऱ्याचा काही दोष नाही."

"तुम्ही? अहो, लॉट मिसळायचे नाहीत, नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवता ना तुम्ही?"

दादांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

"मशीन सोडा. उद्यापासून ताके तपासायला बसा."

रंगारी बाहेर भेटला. हात धरेल, निदान काही बोलेल, असं दादांना वाटलं होतं.

"घरी सांगू नका हं," दादा म्हणाले.

"मी नाही सांगणार. पण दादा, सकाळपासून सगळे मला बोलत होते, तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

तो पुढे निघून गेला. दादा मशीन बंद करायला मागे वळले.