शेवाळताईंची मुलाखत

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात काल लागलेला पोरगासुद्धा ‘सर’ होता, आणि केस पिकेपर्यंत शिकवत आलेल्या बाई मात्र ‘ताई’! शेवाळावर संशोधन करायच्या, म्हणून शेवाळताई. पाहुण्यांची गाडी असो, निरोपसमारंभ असो, नाहीतर प्रयोगशाळेतला गळका नळ. सगळ्यांना ताईच दिसायच्या. आणि ताईंच्या तोंडून आपसूक ‘हो’ निघायचं.

प्राध्यापकपदाची जागा दोनदा हुकली होती. या खेपेला हुकली, तर पुढच्या वेळी वयात बसणार नव्हत्या. आणि नेमकं मुलाखतीच्या सकाळीच विभागप्रमुख म्हणाले, "ताई, समितीच्या चहाचं तेवढं बघाल ना?"

तोंडाला मेलं वळणच पडलेलं! ‘हो’ म्हणून बसल्या. चहा पोचवला, हात पुसले, आणि आपली पाळी आल्यावर आत गेल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी रिकामा कप पुढे केला.

"साखर कमी घाला. आणि पुढच्या उमेदवाराला पाठवा."

ताईंनी कप घेतला आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. "पाठवलं," त्या म्हणाल्या.

तज्ज्ञांना कुठे तोंड लपवू असं झालं. सावरायचं म्हणून त्यांनी विचारलं, "घर सांभाळून संशोधन कसं काय जमतं?"

"घर नवरा सांभाळतो. सासूबाई शेवाळाच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावतात. विभाग सांभाळताना मात्र नाकी नऊ येतात. माझ्याआधी मुलाखत दिलेल्या सरांना विचारलंत का हे?"

"त्यांना? अहो, त्यांच्या संशोधनातच वेळ संपला."

"मग माझाही तिथेच संपवा!"

आता जीभ थांबेना. भिंतीवरच्या शेवाळावरून हवा किती बिघडलीय हे कसं ओळखायचं, ते ताईंनी असं काही सांगितलं की तज्ज्ञ खुर्ची पुढे ओढून चक्क वाद घालायला लागले.

जागा ताईंनाच मिळाली. विभागप्रमुख धावत आले. बिचारे मनापासून खूश होते.

"अभिनंदन ताई! पण कमाल आहे हं तुमची! इतकी वर्षं शेजारच्या खोलीत बसता, आणि एवढं काम केलंय हे कधी बोलला नाहीत?"

ताईंना हसू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"बोलले होते, सर. आपल्याच विभागाच्या परिषदेत. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. माझं भाषण संपल्यावर एकच प्रश्न विचारलात, जेवण लागलं का?"