जेसपच्या फाटकाचा फोटो

आमच्या लिटल हॅनवेल गावात परकी गाडी शिरली, की डोरीन टेबट खिडकीशी आलीच म्हणून समजा. नंबर कॅलेंडरच्या पाठीवर टिपल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. वय बहात्तर, नजर घारीची. नवा पोस्टमन पत्रं उघडून वाचतो, शेजारणीचा आपल्या घेवड्यावर डोळा आहे, अशी तिची पक्की खात्री. अख्ख्या गावात तिचा विश्वास एकाच माणसावर, म्हातारा शेतकरी जेसप, आणि तोही दोन वर्षांपूर्वी वारला.

जेसपच्या शेतातली पायवाट म्हणजे डोरीनचा जीव की प्राण. तिची बहीण आयव्ही पलीकडच्या गावात, गुडघे गेलेले, घराबाहेर पडायची सोय नाही. शेतातून दहा मिनिटं, रस्त्यानं तीन मैल. बस नाही, आणि डोरीनला गाडी येत नाही. ती रोज आयव्हीचं जेवण झाकून त्या वाटेनं नेई. जेसप दिसला तर फाटक उघडून धरायचा, वर डबाभर अंडी द्यायचा.

आता शेत लंडनच्या एका बड्या असामीनं घेतलं होतं आणि त्याला वाट बंद करायची होती. वीस वर्षं लोक बिनअडथळा चालले असतील तर वाट सगळ्यांची, हा आमच्याकडचा कायदा. सुनावणी महिन्यावर आलेली. नेमका तेव्हाच एक टक्कल पडलेला माणूस कॅमेरा घेऊन फाटकासमोर गवतात पालथा पडलेला डोरीननं पाहिला. ती काठी घेऊनच बाहेर आली.

रोलंड ऑल्डविंकल त्याचं नाव. रेल्वेतून निवृत्त. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या एकूण एक गावाचे फोटो काढत तीस वर्षं हिंडतोय. पैसे कोण देतं, तिनं विचारलं. कोणी नाही, तो म्हणाला. झालं, संशय दुप्पट. फुकट कोण मरायला ओल्या गवतात लोळतंय? हा लंडनवाल्याचाच हेर. पोटातलं काढून घ्यायला तिनं त्याला चहाला बोलावलं.

चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, की या फाटकाचा फोटो त्यानं २००६ सालीही काढला होता, नाताळच्या सकाळी. त्या दिवशी गावोगावचे रस्ते मोकळे मिळतात. फोटोत नेमकं काय आहे ते आठवत नव्हतं. घरी अकरा हजार फोटो पडलेले. डोरीनचा चेहराच पालटला. जुना फोटो, म्हणजे जुन्या वाटेचा पुरावा! तिनं केकचा मोठा तुकडा कापला.

"आधी तुम्हाला पाठवतो, बघून घ्या," रोलंड म्हणाला.

"अजिबात नाही. इथला पोस्टमन त्यांना फितूर आहे. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंकडे थेट पाठवा. आणि फोटोत काही फेरफार केलात, तर गाठ माझ्याशी आहे."

बिचाऱ्यानं शब्द पाळला.

सुनावणीला गावचा हॉल भरला होता. बाईंनी फोटो पडद्यावर लावला. फाटकाला साखळी, साखळीला मुठीएवढं कुलूप, आणि पाटी: 'दर नाताळला ही वाट बंद. एरवी चालता ते माझ्या मर्जीनं, हक्कानं नव्हे. ए. जेसप.' वर्षातून एक दिवस असं कुलूप घातलं, तरी लोकांचा हक्क लागत नाही, बाईंनी सांगितलं.

डोरीन ताडकन उठली. फोटो खोटा आहे, हा माणूस विकला गेलाय, असं ती भर सभेत म्हणाली. रोलंडचे कान लाल झाले. त्यानं मूळ फिल्म पुढे ठेवली. मग डोरीननं पाटीवरचं अक्षर नीट पाहिलं. अंड्यांच्या डब्यांवर तारीख घालणारं तेच तिरकं अक्षर. नाताळला भाचा आयव्हीला गाडीतून डोरीनकडे आणायचा, त्यामुळे वर्षातल्या त्या एका दिवशी ती फाटकापाशी कधी गेलीच नव्हती. ती खाली बसली. रोलंडची माफी मागायचंही तिला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात वाट बंद झाली आणि ती रस्त्यानं निघाली, ट्रक अंगावर येतील म्हणून कुंपणाला चिकटून. पोचायला दीड तास लागला.

"आज गार कसं गं?" आयव्हीनं ताटाला हात लावून विचारलं.

"फाटकाला कुलूप होतं."

"त्या लंडनवाल्यानं घातलं ना?"

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता.

"जेसपनं," डोरीन म्हणाली. "दर नाताळला घालायचा. तू माझ्याकडे केक खात बसलेली असायचीस, तेव्हा."