धुळीएवढ्या बियांची राखण

वनस्पतिशास्त्राच्या डॉ. जुबेदा बागवान यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. कराडच्या आमच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. हरितगृहातून बाहेर पडताना बाईंनी मला दारातच अडवले. "निऱ्या झटका. तंबाखूचं बी धुळीएवढं असतं. एक जरी तुमच्याबरोबर बाहेर गेलं, तर शेजारच्या शेतकऱ्याला मी काय तोंड दाखवू?"

मी संतापले, पण झटकल्या.

ज्या पानाने लोक तोंड सडवून घेतात, त्याच पानात माणसाचे जनुक घालून बाई रक्त गोठवणारे औषध काढू पाहत होत्या. माझा धाकटा भाऊ सुहास हिमोफिलियाचा रुग्ण. दाढ काढली आणि रक्त थांबेना. सांगलीच्या रुग्णालयात तेव्हा औषध नव्हते. तो जाईपर्यंत बाई माझ्याशेजारी बाकावर बसून होत्या. सांत्वनाचा एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या हंगामात त्यांच्या सर्वांत सरस रोपाच्या कुंडीवर चिठ्ठी दिसली: 'सुहास'.

शेतातल्या चाचणीची परवानगी दिल्लीहून आली नाही. 'नाही' असेही कुणी कळवले नाही. बाई निवृत्त झाल्या, झाडे नियमाप्रमाणे जाळली गेली, हरितगृहाच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. उरले विभागातल्या फ्रिजमधले 'सुहास'च्या बियांचे एक पाकीट.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी महाविद्यालयाच्या गौरव समितीने आम्रखंड मागवले आणि ते ठेवायला तो फ्रिज रिकामा करवला. समारंभानंतर बाई उघड्या फ्रिजसमोर उभ्या राहिल्या. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले शिपाई बाळूमामा अभिमानाने म्हणाले, "आवं बाई, तुमीच शिकिवलंय न्हवं? भाईर काढल्यालं बी ठिवायचं न्हाई, जाळायचं. जाळलं बगा लगीच."

"बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. मग फ्रिजचे दार लावून, "आम्रखंड तरी चांगलं होतं का, मामा?"

"लय गोड व्हतं, बाई."

समितीने मला बाईंच्या यशाविषयी लिहायला सांगितले. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला पुष्कळ निरुपयोगी गोष्टी शिकवल्या, पण खोटे लिहायला शिकवले नाही. बाई हरल्या. आपण सर्वांनी मिळून त्यांना हरवले, आणि वर शाल पांघरवली.

पुन्हा पहिल्यापासून करायचे तर वीस वर्षे लागतील, असे बाईच सांगतात. म्हणजे पंचाण्णव. शंभरीपर्यंत उरलेली पाच परवानगीला पुरणार नाहीत. म्हणून शंभरावर न थांबता बाईंनी पुढेही जगावे, गुडघे आणि डोळे धड राहावेत, आणि त्यांच्या फ्रिजला पुन्हा कुणी हात लावू नये. निऱ्या झटकायला तोवर मी नसेन.