तांदळाच्या डब्यातला रिमोट

आमचे हे गेले, आज वर्ष झालं. रागीट माणूस होता. मेला म्हणून गोड म्हणणार नाही.

जन्म गेला जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलरवाल्यांवर ओरडण्यात. रिटायर झाले आणि तोच आवाज बेलपाड्याला घरी आणला.

नात स्वरा, बारा वर्षांची. राग थेट आजोबांचा.

मुलाने टीव्हीवर खेळायचा गेम आणला. दोन रिमोट.
आजा-नात एकमेकांना बुक्क्या मारायची. टीव्हीत.
हे हरले की ताट भिरकावायचे. ती हरली की उशी फाडायची.

मी शहाणी. एक रिमोट तांदळाच्या डब्यात पुरला. म्हटलं, समोर कोणी नसलं की भांडेल कोणाशी?

पोर एकटी खेळायला लागली आणि जास्तच बिघडली. दारं आपटायची, आईला उलटून बोलायची.
हे खुर्चीत नुसते धुमसत.

आठ दिवसांनी सुनेला तांदूळ काढताना रिमोट सापडला. ह्यांनी तो घेतला आणि स्वराला विचारलं,
"मारामारी नको. दोघांनी एका बाजूनं खेळायचं काय हाय का?"

होता एक गेम. हॉटेलच्या किचनचा. एकाने चिरायचं, एकाने शिजवायचं. एक चुकला की दोघं हरले.

जन्मात पाण्याचा पेला न उचललेला माणूस ओरडतोय, "कांदा दे गो, कांदा!"
"आजोबा, आधी भांडी घासा!"
घासली. टीव्हीत.

ओरडणं तेवढंच होतं. पण आता एकमेकांवर नाही, करपणाऱ्या भातावर.

एकदा ह्यांच्यामुळे सगळं जळालं. म्हणाले, "चुकलं गो माझं."

मी भाजी निवडत होते. हात थांबला. चाळीस वर्षं संसार केला, हे शब्द माझ्या वाट्याला कधी आले नव्हते.
खरं सांगायचं तर मीही ह्यांना कधी म्हटलं नव्हतं. रिमोटचंसुद्धा नाही.

गेममुळे पोरं मारकी होतात, असं बायका म्हणतात. सगळ्यांच्या घरचं मला माहीत नाही. माझ्या घरात ताटं उडायची थांबली, ती त्याच टीव्हीपुढे.

हे गेले आणि स्वरा पुन्हा एकटीच मारामारी खेळत बसली. गेल्या आठवड्यात शाळेत एका मुलीला ढकललं. बाईंनी बोलावून घेतलं.

आज वर्षश्राद्ध. पानं वाढली तरी ही खोलीत. तिची आत्या बोलवायला गेली, तिच्यावर खेकसली.

मी आत गेले. शेजारी बसले. ह्यांचा रिमोट उचलला.
"आजी, तुला नाही जमणार."
"कांदा चिरायला तू शिकवतेस मला? लाव."

पहिल्याच डावात मी किचनला आग लावली. तिने दात-ओठ खाल्ले. वाटलं, आता भिरकावते रिमोट.

"चुकलं गो माझं," मी म्हटलं.

पोरीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "परत लावते. तू भांडी घास."

तीन डाव झाले. मग पानावर येऊन बसली. आत्याला सॉरी म्हणाली. हळूच, पण म्हणाली.

अवो, तेव्हा रिमोट लपवला, ते चुकलं माझं.
आता तो माझ्याकडं हाय.
तुमी निवांत राहा. नमस्कार करते.