थांबताना रडणारी गाडी

काही घरांत भंगार साठतं, काही घरांत पाहुणे. आमच्याकडे माझ्या चुलतभावाचे, दिलीपचे, किस्से साठतात. आम्ही ते मुद्दाम गोळा करत नाही हो! कामथडीत, म्हणजे आमच्या गावात, सकाळी चहाला बसावं, तर आदल्या दिवशीचा एखादा ताजा तयारच असतो. त्यात दिलीपनं सेकंडहँड का होईना, पण परदेशी आलिशान गाडी आणली आणि पुढे तिचे ब्रेक घरच्या अंगणात बदलायचे ठरवले. मग काय, आमची सुगीच!

*

गाडी काळी, लांबलचक, आत चामड्याच्या सीटा. दिलीपनं ती घेतली एकाच हौसेपायी. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, पुढच्या सीटवर बसवून गावातून न्यायचं. अण्णांचा जन्म यष्टीच्या मागच्या बाकावर आदळत गेलेला. पण गाडी पहिल्यांदा दारात थांबली तेव्हा ब्रेकमधून अशी किंचाळी निघाली की गोठ्यातली म्हैस ताडकन उभी राहिली.

अण्णा ओटीवरूनच म्हणाले, "जी गाडी थांबताना रडती, तिच्यात म्या बसणार न्हाई. आपली यष्टी बरी!"

तेव्हापासून अण्णा नसरापूरच्या बाजाराला निघाले की फाट्यावर यष्टीची वाट बघत उभे, आणि शेजारी दिलीप गाडीचं दार उघडून उभा! आम्ही हसायचो. दिलीपला मात्र ते फार लागायचं.

*

ब्रेक कशानं गेले? पुण्यकर्मानं! गावातल्या प्रत्येक नवरदेवाला वरातीला हीच गाडी लागायची, कारण हिचं छत उघडतं. नवरदेव छतातून कमरेपर्यंत बाहेर, पुढं बँड, बँडपुढं नाचणारे, आणि मागं दिलीप ब्रेकवर पाय दाबून बसलेला. वाऱ्यासारखी पळायला बनवलेली गाडी, पण आमच्या गावात तिला बैलगाडीनंही मागं टाकलं असतं.

शेवटी तो पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये गेला. टाय लावलेल्या माणसानं त्याला सोफ्यावर बसवलं, कॉफी पाजली आणि अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही घाटात फार ड्राइव्ह करता का?"

"न्हाई," दिलीप म्हणाला, "बँडमागं!"

*

पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क, दोन्ही बदलावे लागणार होते. शहाणा माणूस गाडी तिथंच सोडून आला असता. पण दिलीपनं मोबाईलवर व्हिडिओ बघितला होता! व्हिडिओतला मेकॅनिक पांढऱ्या शर्टात काम सुरू करतो आणि पांढऱ्याच शर्टात संपवतो. दिलीपनंही लग्नातला पांढरा शर्ट कपाटातून काढून अंगात घातला.

मदतीला मी आणि भोरचा सलीम. सलीम फ्रिज-एसी दुरुस्त करतो, म्हणून आमच्यात इंजिनियर तो. माझ्याकडे दोन कामं होती, बॅटरी धरणं आणि टोमणे मारणं. दुसरं मी जास्त मन लावून केलं.

अंगणात मुरूम. जॅक फिरवला की गाडी जागेवरच आणि जॅक जमिनीत! मग दिलीपनं आईचं, म्हणजे माईंचं, जुनं जातं आणलं आणि त्याच्या तळीवर जॅक ठेवला. गाडी उचलली गेली. खाली बाभळीचे ओंडके सरकवले. दिलीप घाम पुसत, छाती काढून उभा राहिला. शर्टाचं काय झालं होतं ते विचारू नका.

माईंनी दारातून डोकावून बघितलं. म्हणाल्या, "पीठ पडाया लागलं की हाक मारा!"

*

चाक काढल्यावर डिस्कला चिमटा काढून धरणारा भाग, कॅलिपर, सुटा झाला. तो नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं वर बांधायचा, असं व्हिडिओत होतं. तार काही सापडेना. दिलीप गोठ्यात गेला, दावं घेऊन आला आणि कॅलिपर झकास बांधून टाकला.

थोड्या वेळानं शेजारचे काका भुईमुगाचा उपटलेला वेल नाचवत अंगणात आले. "दिल्या, म्हस बांधाया येत न्हाई व्हय रं? माझं सगळं वावार चरली ती!"

दिलीप गाडीखालूनच ओरडला, "काका, तिच्या जागी ब्रेक बांधलाय!"

काकांनी वाकून ब्रेककडं बघितलं. "आसं व्हय? मग सांच्याला धार बी त्याचीच काढ!"

*

नव्या डिस्क खोक्यातून निघाल्या. माईंनी एक उचलून बघितली. "आगं बया, लई जड ताटली हाय ही. हिच्यात जेवायचं कुणी?" एवढं बोलून त्या भाकरी करपायच्या भीतीनं आत पळाल्या.

मग सलीमनं आम्हा दोघांना दम भरला, "हे बघा, डिस्कला तेलाचं बोट बी लागता कामा नये. तेल लागलं की ब्रेक गेला म्हनून समजा!"

त्यानं तिच्यावर कसलासा फवारा मारला आणि कोऱ्या कापडानं पुसून लख्ख केली. दिलीप ती धरायला पुढं झाला, तर त्याच्या हातात माईंनी पाठवलेलं तेलकट भजं! सलीमनं त्याला साबणानं हात धुवायला पाठवलं. वास घेऊन बघितला आणि परत पाठवलं. बशीतली बाकीची भजी वाया जाऊ नयेत म्हणून मी संपवली.

*

सगळं जोडून झालं आणि सुटे नट ठेवलेल्या वाटीत एक नट उरला.

आम्ही तिघंही त्या नटाकडं बघत बसलो. दिलीपचा चेहरा उतरला. पुन्हा जॅक, पुन्हा जातं, पुन्हा दोन्ही चाकं काढली. प्रत्येक नट जागच्या जागी! सलीम म्हणाला, "कंपनीनं जास्तीचा दिला आसंल."

तेवढ्यात अण्णा ओटीवरच्या झोपाळ्यावर टेकले आणि झोपाळा एका बाजूनं खाली आला!

नट झोपाळ्याचा होता. झोपाळा कुरकुरतो म्हणून माईंनी कडी सोडून तिला तेल पाजलं होतं आणि नट हाताशी आलेल्या वाटीत टाकला होता. अण्णा कंबर धरून उठले. माईंना त्याचं काहीच नाही. "पडायचं ऱ्हाऊ द्या. कुरकुर थांबली का न्हाई, ते सांगा!"

*

गाडी खाली उतरवून चाचणी घेतली. जिथं पाय दाबला तिथं थांबली! फक्त थांबताना एक बारीकशी चीं झाली.

"नवीन हाय," सलीम म्हणाला. "चार दिस घासू दे, आपोआप गप हुईल."

पण चार दिवस होते कुणाकडे? दुसऱ्याच दिवशी वेल्ह्याच्या पलीकडं, पासलीत, अण्णांच्या भाचीचं लग्न होतं. अण्णांनी शब्द दिला होता, गाडी रडायची थांबली तर गाडीनं, नाहीतर यष्टीनं. आणि अण्णांचे कान शाबूत होते. ते ओटीवरून म्हणाले, "आजून मुसमुसती."

दिलीप जेवला नाही. मलाही टोमणा सुचला नाही, खरंच वाईट वाटलं. माईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी. हुईल ती गप."

सकाळी अण्णा फेटा बांधून बाहेर आले. एक डोळा गाडीकडं, एक फाट्याकडं. "फाटकापतोर बसतो. रडली की उतरतो. न्हाई रडली, तर पासलीपतोर न्हाई उतरायचा!"

अण्णा पुढं, सलीम आणि मी मागं. घरापासून फाटकापर्यंत उतार आहे. फाटकाशी येताच त्यानं ब्रेक दाबला.

आवाज नाही! दिलीपनं भरल्या डोळ्यांनी अण्णांकडं बघितलं. गाडी मात्र चाललेलीच. त्यानं पाय अजून दाबला. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि वरातीच्या चालीनं समोरच्या उकिरड्यात नाक खुपसून उभी राहिली.

कुणाला खरचटलंही नाही. कोंबड्या तेवढ्या ओरडत पळाल्या. अण्णांनी फेटा सरळ केला, काचेला टेकलेल्या शेणाकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "रडली न्हाई बरं का! म्या शब्दाचा पक्का. आता उतरत न्हाई."

तेवढ्यात माई हातात वाटी घेऊन धावत आल्या.

"रडंल कशी? पहाटंच चाकाच्या फटीतनं हात घालून दोन्ही ताटल्यांना गोडंतेल चोळलंय म्या. जरा थांबा, मागल्या दोन ऱ्हायल्यात!"