दाजींचं ताजं तेल

खाद्यतेलावर आमच्या दाजींइतका संशय घेणारा माणूस सगळ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नात्यानं माझे साडू. राहायला पाथर्डीत, जन्मभर एसटीच्या आगारात मेकॅनिक. लोक पाहुण्यांकडं गेल्यावर पोराबाळांची, पाऊसपाण्याची चौकशी करतात. दाजी चप्पल काढता काढता विचारतात, "तेल कोनतं वापरता?" उत्तर पटलं नाही तर चहावर भागवून निघतात. आमच्याकडं मुक्कामाला यायचे तर खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत स्वतःचं करडईचं तेल घेऊन येत आणि माझ्या बायकोला बजावत, "ह्याच्यातच फोडनी द्यायची, बरं का." मेहुणीच ती, सोडते कसली? स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "दाजी, दिली हो तुमच्या औषधाची फोडणी!"

खर्ड्याला एका नातलगाच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगत बसायची वेळ झाली आणि दाजी गायब. शोधत गेलो तर मांडवामागं आचाऱ्याच्या भट्टीपाशी, कढईवर वाकून वास घेत उभे.

"हे तेल कवा चढवलंय?"

"सकाळी," आचारी म्हणाला.

"मधी बदललं?"

"बदलायचं कशाला? कमी पडलं की वरून वततो."

झालं. पंगतीत दाजींनी वरण-भात तेवढा घेतला. पुरी, भजी, बुंदी हात आडवा करून परत पाठवली. आमच्याकडं लग्नातला पाहुणा असा जेवू लागला म्हणजे तो रुसला, एवढाच त्याचा अर्थ होतो. नवरीचा बाप धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, मानपानात काय चुकलं का आमचं?" तोवर कुणीतरी पळत जाऊन टॉवेल-टोपीही आणली. दाजींनी टोपी घालून घेतली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि शांतपणे म्हणाले, "चुकलं काय न्हाई. फकस्त तेल जळालंय तुमचं." ते घर अजून आमच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतं.

आम्ही हसायचो, पण या सगळ्यामागं भीती होती आणि ती खोटी नव्हती. दाजींचे वडील पन्नाशीतच हृदयविकारानं गेले, थोरला भाऊही तसाच. "आमच्या घरात पुरुष म्हातारा झाल्याला कुनी बघितलाच न्हाई," असं ते म्हणायचे. त्यांना म्हातारं व्हायचं होतं, बाकी काही मागणं नव्हतं. निवृत्तीच्या सुमाराला नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पोटाचा घेर, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळं एकदमच वाढलंय. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. अशा माणसानं तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवून खाल्लं, तर शरीर आतून गंजत जातं म्हणा ना. गंज म्हटल्यावर दाजींना पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही.

घरी येऊन त्यांनी कायदाच केला. करडई स्वतः निवडून घ्यायची, लाकडी घाण्यावर न्यायची आणि तेल निघेपर्यंत तिथून हलायचं नाही. आल्यागेल्याला पापड-कुरडया तळल्या, तर कढईत उरलेला थेंबही त्यांच्या भाजीत पडता कामा नये. "ते जळकं ऑईल. इंजिनात परत घालायचं न्हाई," त्यांनी अक्काला सांगितलं. अक्का म्हणाली, "बरं." अक्का कुठल्याही गोष्टीला बरंच म्हणायची. आणि खरंच, दाजींचा घेर उतरला, साखर आटोक्यात आली. भेटेल त्याला ते तेलावर व्याख्यान देऊ लागले. त्यांना येताना पाहून गल्लीतला भजीवाला कढईवर झाकण ठेवायचा.

यंदाच्या संक्रांतीला अक्का वाण घेऊन निघाली आणि दारातच खाली बसली. उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. जीपमध्ये घालून नगरला आणलं. जीव वाचला. पण तपासण्या झाल्या तेव्हा दाजींना जे जे होतं ते सगळं तिला निघालं, त्यांच्याहून जास्त. तोवर तिची तपासणी अशी कधी झालीच नव्हती. दवाखान्यात जायचं ते दाजींसाठी. ती बरोबर पिशवी धरून बसायची.

तिला बोलता येऊ लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात तेल कोणतं असतं?" तिच्याआधी दाजीच बोलले, "घान्याचं करडीचं, सायेब. एकदम ताजं." त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात अभिमान होता.

अक्का जड जिभेनं म्हणाली, "ते ह्यांचं. माझी भाजी येगळी करायची मी. तळनीतलं ऱ्हायलेलं असतं ना, त्याच्यात."

"आगं, ते टाकून द्यायचं हुतं!" दाजी म्हणाले.

"टाकवतंय व्हय? यवढं चांगलं तेल!"

नुसत्या तेलानं हे झालं असं म्हणता यायचं नाही, वय आहे, वजन आहे, कधी औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. दाजींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते अक्काच्या हाताकडं बघत होते. आमच्या घरांत बायका मागून जेवतात. त्या काय जेवल्या हे बघायला कुणी मागं थांबत नाही. दाजीही थांबले नव्हते, मीही कधी थांबलेलो नाही.

परवा पाथर्डीला गेलो होतो. दाजी चुलीपुढं. फोडणी करपली होती आणि अक्का पलंगावरून म्हणत होती, "वास आला, आता तरी खाली घ्या!" त्यांनी एकाच ताटात दोघांचं वाढून घेतलं आणि आधी तिला भरवलं. मला त्या वेळी कुठं बघावं कळेना. जेवण झाल्यावर बाहेर ओट्यावर बसलो. मला वाटलं, आता तेलाचा विषय निघेल. तो निघाला नाही.

दाजी म्हणाले, "पाव्हणं, म्हातारं व्हायचं म्हनून लई जपलं मी सोताला. पन एकट्यानं म्हातारं व्हायचं, असं काय मनात नव्हतं वो."

आतून अक्कानं हाक मारली. तिला कूस बदलायची होती. दाजी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले.